ट्रंकेतली चांदणी

माळ्यावरची काळी ट्रंक दर दिवाळीला आवरायची ठरते आणि दर दिवाळीला राहून जाते. परवा शेवटी मुलाला स्टुलावर चढवलं आणि ती खाली काढली. माझ्या सासऱ्यांची ट्रंक. वर पोस्टखात्याचे कागद, पेन्शनचं पुस्तक, एक विरलेलं उपरणं. तळाशी रुमालात गुंडाळलेल्या तीन वस्तू होत्या. एक लहानसं इंग्रजी पुस्तक, 'अ‍ॅट द फीट ऑफ द मास्टर'. कोटाला लावायची, पाच टोकांची चांदीची एक चांदणी. आणि कुठल्याशा मासिकातून कापलेलं एक छायाचित्र: पांढरी दाढी, पायघोळ झगा, छातीवर मोठा क्रूस.

नात म्हणाली, "आजी, हा सांताक्लॉज आहे का गं?"

मला हसू आलं. आमच्या सासूबाई या माणसाला 'तो तुमचा पाद्री' म्हणायच्या. अण्णा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी संध्या करायचे, चातुर्मास पाळायचे, आणि दर गुरुवारी संध्याकाळी थिऑसॉफीच्या बैठकीला जायचे. "देव्हाऱ्यातले कमी पडतात म्हणून क्रूसवाला आणलाय," असं सासूबाई म्हणाल्या की अण्णा नुसते मिशीत हसायचे. त्या काळात मी घर आणि शाळा यांत इतकी गुंतले होते, की हा पाद्री कोण, हे विचारायचं राहूनच गेलं. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला तेव्हा त्याच्याबद्दल हाताला लागेल ते वाचून काढलं. आणि वाचता वाचता त्याच्यापेक्षा माझीच एक जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. ती पुढे सांगेनच.

या पाद्रीचं नाव चार्ल्स वेब्स्टर लेडबीटर. जन्म इंग्लंडात स्टॉकपोर्टला, १८५४ साली. तो स्वतः मात्र १८४७ सांगायचा. लहानपणी ब्राझीलमध्ये केलेल्या साहसांच्या आणि तिथे मारल्या गेलेल्या धाकट्या भावाच्या कहाण्याही सांगायचा. ग्रेगरी टिलेट नावाच्या अभ्यासकाने १९८२ साली त्याचं चरित्र लिहिलं. त्याने जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा जन्मसाल खोटं निघालं आणि भावाचा पत्ताच लागला नाही. १८४७ हे अ‍ॅनी बेझंटबाईंचं जन्मसाल. तेच त्याने का घेतलं, कोण जाणे! शाळेच्या दाखल्यावर वय बदललेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. तिथे बहुधा वडिलांची काही अडचण असते. आपणच आपला दाखला नव्याने लिहिणारा माणूस विरळा.

वडील लवकर गेले. घरची ओढगस्त. काही काळ बँकेत कारकुनी केली आणि मग चर्च ऑफ इंग्लंडमध्ये दीक्षा घेऊन तो १८७९ साली पूर्ण पाद्री झाला. हँपशायरमधल्या ब्रॅमशॉट गावी त्याचे मामा-काका म्हणा, नात्यातले कॅप्स नावाचे मुख्य धर्मगुरू होते, त्यांच्या हाताखाली लागला. रविवारी प्रवचन, आजाऱ्यांना भेटी, गावातल्या पोरांचे मेळे. सरळ रेषेतलं आयुष्य होतं. पण मेल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न त्याला सुटत नव्हता. चर्च सांगत होतं, विश्वास ठेव. त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

अशात त्याच्या हाती सिनेट यांचं 'द ऑकल्ट वर्ल्ड' पडलं. हे सिनेट अलाहाबादच्या 'पायोनियर'चे संपादक. मॅडम ब्लाव्हाट्स्कींच्या मार्फत हिमालयापलीकडच्या महात्म्यांची पत्रं आपल्याला येतात, असं ते सांगत. ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले होते, आणि १८८२ च्या अखेरपर्यंत थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्य ठाणं आपल्या मुंबईतच होतं. मग ते मद्रासजवळ अड्यारला गेलं. लेडबीटर १८८३ साली सोसायटीत आला. १८८४ च्या ऑक्टोबरअखेरीस त्यालाही महात्म्यांचं म्हणून एक पत्र मिळालं. काही दिवसांत त्याने चर्चची नोकरी, घर, देश, सगळं सोडलं आणि बोट पकडली.

पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, लंडनच्या एका संशोधन संस्थेने ही पत्रं म्हणजे बनवाबनवी असल्याचा अहवाल दिला. पण लेडबीटरने मागे वळून पाहिलं नाही. अड्यारच्या वाटेवर कोलंबोला त्याने बुद्धाचं पंचशील घेतलं होतं. ख्रिस्ती पाद्रीने चारचौघांत पंचशील घ्यावं, हे त्या काळात केवढं धारिष्ट! त्या क्षणी त्याच्या गळ्यात पाद्रीचाच पट्टा असेल की नाही, असं उगाच मनात येऊन गेलं.

इथून पुढे मला तो माणूस ओळखीचा वाटू लागला, कारण तो शिक्षक झाला. सोसायटीने १८८६ साली कोलंबोत बौद्ध मुलांसाठी इंग्रजी शाळा काढली. पुढे तिचंच आनंद कॉलेज झालं. तिचा पहिला मुख्याध्यापक लेडबीटर. तिथला जिनराजदास नावाचा मुलगा त्याच्या नजरेत भरला. १८८९ साली इंग्लंडला परतताना त्या तेरा वर्षांच्या मुलाला तो बरोबरच घेऊन गेला. हा जिनराजदास पुढे केंब्रिजला शिकला आणि १९४६ साली सोसायटीचा अध्यक्ष झाला. मुलगा निवडायचा, घरातून उचलायचा, आपल्या हाताने घडवायचा, हा लेडबीटरचा परिपाठ तेव्हापासून दिसतो.

आणि लगेच ती काळी बाजूही येते. १९०६ साली अमेरिकेतल्या काही पालकांनी तक्रार केली, की या माणसाने आमच्या वयात येणाऱ्या मुलांना एकांतात, आईवडिलांच्या नकळत, लैंगिक बाबतीत भलता सल्ला दिला. लंडनला चौकशी बसली. सल्ला दिल्याचं त्याने कबूल केलं, 'मुलांच्या भल्यासाठी' असं म्हटलं, आणि राजीनामा दिला. अडीच वर्षांनी, बेझंटबाई अध्यक्ष झाल्यावर, त्याला परत घेण्यात आलं. त्याचे भक्त हा भाग एका ओळीत उरकतात, त्याचे शत्रू फक्त एवढाच भाग लिहितात. मी छत्तीस वर्षं मुलांमध्ये काढली. 'घरी सांगू नकोस' हे शब्द मोठ्या माणसाने मुलाला उच्चारले, की माझ्या लेखी तिथेच काहीतरी चुकलं. पुढे तो कितीही दिव्यदृष्टीचा निघो.

तर असा हा माणूस १९०९ च्या फेब्रुवारीत अड्यारला परतला आणि वसंतात एका संध्याकाळी समुद्रावर पोहायला गेला. तिथे काही मुलं खेळत होती. त्यांतल्या एका काटकुळ्या, मळक्या मुलाकडे पाहून तो आपल्या साथीदारांना म्हणाला, या मुलाच्या तेजोवलयात स्वार्थाचा कणही नाही. अर्नेस्ट वुड नावाच्या त्याच्या मदतनिसाला नवल वाटलं. तो त्या मुलाला अभ्यासात मदत करायचा आणि त्याच्या मते मुलगा मंद होता. शाळेतले मास्तर त्याला ठोकून काढत. वर्गात त्याची नजर कुठेतरी लागलेली असे.

तो मुलगा म्हणजे जिद्दू कृष्णमूर्ती. मदनपल्लीचा. आई १९०५ सालीच गेलेली. वडील नारायणय्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले, सोसायटीचे जुने सभासद. त्याच वर्षी मुलांना घेऊन अड्यारला राहायला आले होते.

हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून स्वस्थ बसले होते. मंद म्हणून ठरलेल्या मुलात काहीतरी दिसणं ही शिक्षकाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट असते हो. आणि ज्याला ते दिसलं, तो हा माणूस! वुड सज्जन होता, त्याला दिसलं नाही. मास्तरांना तर नाहीच नाही. याला दिसलं. ते नाकारता येत नाही.

पण नुसतं दिसून भागलं नाही. या मुलात येणारा जगद्गुरू अवतरणार, असं ठरवण्यात आलं. त्याचं खाणं, अंघोळ, कपडे, इंग्रजी, सगळं शिस्तीत सुरू झालं. १९१० साली त्याच्या नावावर 'अ‍ॅट द फीट ऑफ द मास्टर' निघालं, तेच आमच्या ट्रंकेतलं पुस्तक. ते त्या पोराने किती लिहिलं आणि लेडबीटरने किती, हा वाद तेव्हापासूनचा. १९११ साली 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' उभी राहिली आणि गावोगावचे सभासद कोटाला चांदीची चांदणी लावू लागले. अण्णांची चांदणी तीच.

यात आणखी एक मुलगा आहे, त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. शिकागोचा ह्युबर्ट व्हॅन हूक. कृष्णमूर्तीच्या आधी लेडबीटरने जगद्गुरूसाठी त्याची निवड केली होती. आई त्याला घेऊन सातासमुद्रापलीकडून अड्यारला आली, तोवर इथे निवड बदलली होती. काही वर्षं तिथे राहून तो परत गेला आणि पुढे वकील झाला. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचा फोटो आपण शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावतो. ज्याचं नाव येईल म्हणून सांगून ठेवलेलं असतं आणि येत नाही, तो त्या दिवशी घरी कसा जातो, हे मी कधी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

आता माझी गोष्ट.

मी ठाण्याला शिकवत होते तेव्हा सातवीत एक मुलगा होता. नाव सांगत नाही. वडील शिंपी, चाळीच्या तोंडाशी दुकान. मुलगा सतत खिडकीबाहेर बघायचा. बाकीचे शिक्षक त्याला 'ध्यान' म्हणायचे. एकदा मी फळ्यावर भूमितीची एक आकृती काढली, तर हा जागेवरूनच म्हणाला, "बाई, ही उलटी केली तर खालच्यात बरोबर बसेल." मी बघतच राहिले. त्या दिवसापासून तो माझा झाला. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी रोज संध्याकाळी माझ्या घरी. वडिलांना जाऊन बजावलं, याला मशीनवर बसवायचं नाही, याची जागा वेगळी आहे. ते हातातली टेप गळ्यात अडकवत एवढंच म्हणाले, "बाई, संध्याकाळचा तेवढा माझ्याजवळ बसतो तो." मी म्हटलं, "अहो, त्याच्या भल्यासाठीच सांगतेय ना!"

शिष्यवृत्ती मिळाली. दहावीला नाव झालं. मी पेढे वाटले. मग विज्ञान शाखा, तीही मीच ठरवलेली. बारावीला तो पेपर अर्धे टाकून उठला आणि पुढे कित्येक वर्षं दिसला नाही. वडील मधल्या काळात वारले. पुढे कधीतरी ठाणे स्टेशनच्या पुलावर भेटला. वाकून नमस्कार केला. नाटकांचे कपडे शिवतो म्हणाला, बरं चाललंय. मी न राहवून विचारलं, "अरे, एवढी बुद्धी होती तुझी, मध्येच का सोडलंस?" तो जरा घुटमळला. म्हणाला, "बाई, मला तेव्हा मशीनवर बसायला आवडायचं." इतकंच बोलला आणि गर्दीत गेला.

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी हिशेब करत होते. उलटी केली तर खालच्यात बसेल, हे त्याला कुठून सुचलं? कापड बेतताना बापाच्या हाताकडे बघून! मला जे दिसलं ते खरंच होतं. ते कुठून आलं, हे मी विचारलंच नाही, आणि जिथून आलं तिथूनच त्याला उठवलं.

म्हणून नारायणय्यांची बाजू वाचताना मला आवंढा येतो. १९१० च्या मार्चमध्ये त्यांनी कृष्णमूर्ती आणि धाकटा नित्यानंद यांचं पालकत्व बेझंटबाईंना लिहून दिलं. लेडबीटरवर त्यांचा विश्वास नव्हता, मुलं त्याच्यापासून दूर ठेवा म्हणून ते सांगत राहिले. शेवटी १९१२ साली त्यांनी दावा लावला. त्यांचे वकील सी. पी. रामस्वामी अय्यर. समोर बेझंटबाई स्वतःच उभ्या राहिल्या. मद्रास उच्च न्यायालयात १९१३ साली न्यायमूर्ती बेकवेल यांनी वडिलांचा गंभीर आरोप मान्य केला नाही, पण लेडबीटरची मतं अशी आहेत की तो मुलांचा शिक्षक व्हायला लायक नाही, असं स्पष्ट म्हटलं आणि मुलं वडिलांना परत द्यायला सांगितलं. बाई लंडनला प्रिव्ही कौन्सिलात गेल्या आणि १९१४ च्या मे महिन्यात जिंकल्या. तिथे जे मुद्दे निघाले त्यांत एक असा होता, की मुलं इंग्लंडात आहेत आणि त्यांची बाजू, त्यांची इच्छा कोर्टासमोर आलेलीच नाही.

इतका खटला होऊन मुलांना कुणी विचारलंच नव्हतं!

मुलं लेडबीटरपासून दुरावली. तो ऑस्ट्रेलियात सिडनीला गेला, आणि तिथे या गोष्टीला मजेशीर वळण लागतं. बत्तीस वर्षांपूर्वी चर्च सोडून निघालेला हा माणूस पुन्हा पाद्री झाला. नुसता पाद्रीच नव्हे, बिशप! चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यातला जेम्स वेजवुड हाही थिऑसॉफीवाला. तो जुन्या कॅथलिक परंपरेतून बिशप झाला होता. त्याने २२ जुलै १९१६ रोजी लेडबीटरच्या मस्तकावर हात ठेवून त्याला बिशप केलं. त्या चर्चला १९१८ साली 'लिबरल कॅथलिक चर्च' हे नाव मिळालं आणि १९२३ पासून लेडबीटर त्याचा प्रमुख होता. मस्तकावर हात ठेवून पहिल्या शिष्यांपासून चालत आलेली परंपरा पुढे द्यायची, ही कल्पना अण्णांना फार आवडायची. आपल्याकडे गुरुपरंपरा म्हणतात, त्याहून वेगळं काय आहे, असं त्यांचं म्हणणं.

या गूढ ख्रिस्ती विचारात त्यांना काय मिळत होतं, ते आता थोडं कळतं. बेझंटबाईंचं 'एसोटेरिक ख्रिश्चॅनिटी' १९०१ चं, लेडबीटरचं 'द सायन्स ऑफ द सॅक्रामेंट्स' १९२० चं. सांगणं थोडक्यात असं, की ख्रिस्ताचा जन्म, त्याचं क्रुसावर जाणं, पुन्हा उठणं हे एकदाच कधीतरी घडून संपलेलं नाही, प्रत्येक जीवाच्या वाटेवरचे ते टप्पे आहेत. कायमचा नरक नाही. पुनर्जन्म आहे. चर्चमधली उपासना चालू असताना उपासकांच्या भावनेतून सूक्ष्म पातळीवर घुमटांसकट एक मंदिर उभं राहतं, असं लेडबीटर सांगे, आणि आपण ते पाहिलं म्हणे. ते खरं मानायला माझ्याजवळ काही आधार नाही. पण लिबरल कॅथलिक चर्चने एक चांगलं केलं: उपासनेला या, मानायचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा, असं सभासदांना सांगितलं. संध्या करणाऱ्या पोस्टमास्तरला हा पाद्री जवळचा का वाटला, याचं उत्तर तिथे असावं.

इकडे कृष्णमूर्ती मोठा झाला. १९२५ च्या नोव्हेंबरात नित्यानंद क्षयाने गेला. तो जगेल, त्याचं कार्य बाकी आहे, अशी ग्वाही महात्म्यांच्या नावाने मिळालेली होती. बातमी कळली तेव्हा मोठा भाऊ बोटीवर होता. चार वर्षांनी, ३ ऑगस्ट १९२९ रोजी, हॉलंडमध्ये ओम्मेनला, बेझंटबाईंच्या आणि तीन हजारांवर सभासदांच्या समोर त्याने चांदणीची ती सगळी संघटनाच मोडून टाकली. सत्याची संघटना होत नाही आणि मला अनुयायी नकोत, असं सांगून. लेडबीटर आपल्या चर्चमध्येच राहिला. १९३३ साली बेझंटबाई गेल्या तेव्हा तो अड्यारला होता, आणि १ मार्च १९३४ ला परतीच्या वाटेवर पर्थला तोही गेला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कृष्णमूर्ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात बोलणार होते, तेव्हा अण्णांनी मला बरोबर नेलं. झाडांखाली माणसं बसली होती. एक सडपातळ, ताठ बसलेला म्हातारा अगदी साधं बोलत होता. कुणाच्या मागे जाऊ नका, माझ्याही नाही. लोकलमध्ये अण्णा गप्प होते. घाटकोपर गेल्यावर म्हणाले, "हा मोडला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो गं. महिनाभर जेवण गोड लागलं नाही. आता वाटतं, बरं केलंन." मी म्हटलं, "मग ती चांदणी?" तर म्हणाले, "ठेवलीय. पाहिलं होतं तर खरं त्या पाद्रीने."

लेडबीटरला त्या मुलात जे दिसलं ते होतंच, असं मलाही वाटतं. फक्त ते त्याने ठरवलेल्या कामाचं नव्हतं. आणि ते बाहेर पडलं, ते त्या मुलाने पाहणाऱ्यालाच नकार दिला तेव्हा. मार खाणाऱ्या त्या मुलाच्या विचारावर पुढे मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅली उभी राहिली, आपल्याकडे राजगुरुनगरजवळ सह्याद्री स्कूल उभं राहिलं. तिथे मुलांची एकमेकांशी तुलना करू नये, असा आग्रह असतो. मी त्या शिंप्याच्या मुलात जे पाहिलं तेही होतं. तोही मला नाही म्हणाला, फक्त त्याला ते अर्ध्या पेपरातून उठून म्हणावं लागलं.

चांदणी घासून परत रुमालात ठेवली. नात विचारत होती, "आजी, मी घेऊ ही?" म्हटलं, "घे की. पण आधी सांग, तुला आवडली का?"

ती म्हणाली, "नाही, नुसतीच हवीय."

असो. ट्रंक अजून हॉलमध्येच पडली आहे, वर चढवायला मुलाला वेळ व्हायचाय.